कामाच्या जागेवरचा चेहरा

या देशात तीस-चाळीस वर्षं काढलेल्या कुठल्याही मराठी घरातला जुना अल्बम उघडून बघा. पहिला बर्फ पडला तेव्हाचा फोटो असतो. ट्रफाल्गर चौकात कबुतरांना दाणे घालतानाचा असतो. पहिल्या सेकंडहँड गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून काढलेला तर हमखास असतो. मंडळाचा गणपती, हळदीकुंकू, मुलांचे वाढदिवस, भारतातून आईबाबा आले तेव्हाची विंडसरची सहल, सगळं असतं. पण या सगळ्याचा खर्च ज्या कामातून निघाला, ते काम करतानाचा फोटो बहुतेक अल्बमांत सापडत नाही. डॉक्टरांच्या घरी वॉर्डातला फोटो नाही, इंजिनिअरच्या घरी वर्कशॉपमधला नाही. आल्या आल्या दोन-तीन वर्षं ज्यांनी बेकरीत, गोदामात किंवा गिरणीत रात्रपाळ्या केल्या, त्यांच्या घरी तर त्या दिवसांची एकही खूण नाही.

याचं एक कारण साधं आहे. त्या काळी कॅमेरा कोणी कामावर नेत नसे आणि रोलमधले छत्तीस फोटो जपून वापरावे लागत. पण हे कारण पुरेसं नाही, असं मला वाटतं. गावी पाठवायच्या पत्रात आपण कोणता फोटो घातला आणि कोणता घातला नाही, यामागे एक निवड होती. त्या निवडीतून एक प्रश्न निघतो, आणि गेली बरीच वर्षं तो माझा पिच्छा सोडत नाही. कामगाराचा त्याच्या कामाच्या जागी फोटो काढणं हा त्याचा सन्मान आहे, की त्याचा वापर?

हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही. मिडलंड्समधल्या एका कारखान्यात मी सत्तावीस वर्षं गुणवत्ता तपासनीस म्हणून काम केलं. फोटोग्राफी हा माझा जुना छंद, आणि गावातल्या फोटोक्लबाचा मी सभासद होतो. २००३ साली कंपनीला पन्नास वर्षं होत होती. बाहेरचा फोटोग्राफर बोलावण्यापेक्षा घरचाच बरा, असा विचार करून साहेबांनी मला विचारलं. चव्वेचाळीस कामगारांचे फोटो काढायचे, प्रत्येकाचा आपापल्या मशीनपाशी, आणि ते स्वागतकक्षापासून कँटीनपर्यंतच्या बोळात लावायचे, अशी कल्पना होती. मला ती आवडली आणि मी होकार दिला.

कारखान्यात माणसाचा फोटो काढणं हे लग्नात फोटो काढण्यासारखं नाही. छताला ट्यूबलाइटच्या रांगा असतात, त्यांच्या उजेडात माणसाचा रंग हिरवट येतो. इथली वीज भारतासारखीच पन्नास सायकलची, त्यामुळे जुन्या पद्धतीच्या ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण शटर त्याहून वेगात मारलं तर कॅमेऱ्याला कळतं आणि चित्राचा उजेड कमीजास्त होतो. फ्लॅश मारावा तर हायव्हिज जाकिटावरच्या पट्ट्या लखकन चमकतात आणि चेहरा मागे पडतो. सेफ्टी चष्म्यात दिवा दिसतो. हेल्मेटच्या कडेची सावली नेमकी डोळ्यांवर पडते. मग ‘दोन मिनिटं हेल्मेट काढ’ म्हणावंसं वाटतं, पण ज्या ठिकाणी हेल्मेट घालणं सक्तीचं आहे तिथे ते काढायला सांगायचा हक्क फोटोग्राफरला नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे मशीन. चालू ठेवलं तर माणसाचं लक्ष मशीनवरच हवं, नाहीतर बोटं जातील. बंद केलं तर तो नुसता उभा राहतो, आणि हातांचं काय करायचं हे त्याला कळत नाही. शिवाय मशीन बंद असताना ती पाच मिनिटं कोणाच्या खात्यात जातात? नगावर पैसे मिळणाऱ्या माणसाच्या ती पगारातून जातात. म्हणून पहिल्याच दिवशी मी सुपरवायझरकडून कबूल करून घेतलं की फोटोचा वेळ हा कामाचा वेळ धरला जाईल. ही गोष्ट छोटी आहे, पण माझ्या प्रश्नाचं पहिलं टोक मला तिथे सापडलं. फोटो कोणासाठी आहे हे ठरवायचं असेल, तर त्याचा खर्च कोण भरतंय ते आधी बघावं.

त्या चव्वेचाळीस जणांतले तिघं मला आजही आठवतात. पहिली एक जमैकाहून लहानपणी इथे आलेली बाई. ओतीव भागांच्या कडा घासण्याचं काम ती करायची. मी कॅमेरा लावत असताना तिने विचारलं, “हा फोटो बघणार कोण?” मी म्हटलं, कंपनीत येणारे पाहुणे. ती म्हणाली, “मग मला बघून त्यांना काय कळायला हवंय?” दुसरे एक पंजाबी गृहस्थ, साठीला टेकलेले. त्यांनी मला शिफ्ट संपेपर्यंत थांबवलं. हातपाय धुऊन, लॉकरमधून कोट-टाय काढून, पगडी नीट करून ते आले आणि म्हणाले, “आता काढ.” तिसरा एक तरुण इंग्रज फिटर. त्याने सरळ नकार दिला. कारण विचारलं तर म्हणाला, “इथे मी माझे हात विकतो, तोंड नाही.” 

या तिघांच्या तीन वाक्यांत सगळा प्रश्न मावतो. फोटो कोण बघणार? मी कसा दिसायचं हे कोण ठरवणार? आणि मला नाही म्हणता येईल का?

आधी कोट-टाय घेऊ, कारण तो आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. ब्रॅडफर्डच्या मॅनिंगहॅम लेनवर बेल व्ह्यू नावाचा एक जुना फोटो स्टुडिओ होता. १९५० आणि ६० च्या दशकांत लोकरीच्या गिरण्यांत काम करायला पाकिस्तानातून, भारतातून, कॅरिबियन बेटांवरून आणि पूर्व युरोपातून आलेली माणसं तिथे फोटो काढायला जात. आठवडाभर रात्रपाळी केलेली ही माणसं फोटोत सुटाबुटात दिसतात. खिशाला पेन, मनगटावरचं घड्याळ मुद्दाम दिसेल असा हात. हे फोटो मग घरी पाठवले जात. पुढे स्टुडिओ बंद झाला. फेकून दिल्या जाणाऱ्या हजारो काचेच्या निगेटिव्ह कोणाच्या तरी नजरेस पडल्या म्हणून वाचल्या, आणि आता त्या ब्रॅडफर्डच्या संग्रहालयांकडे आहेत. त्या फोटोंत गिरणी कुठेही दिसत नाही.

हे फोटो खोटे म्हणायचे का? सहज म्हणता येईल. पण त्या माणसाला विचारा. यंत्रासमोर तो जसा दिसतो ते त्याने निवडलेलं नाही. तो ओव्हरऑल त्याला कंपनीने दिला, ती जागा दिली, ती वेळ दिली. सूट मात्र त्याने स्वतःच्या पैशाने शिवला, किंवा मित्राकडून मागून आणला. ‘मी कोण’ याचं स्वतःच्या हाताने लिहिलेलं उत्तर म्हणजे तो सुटातला फोटो. गावाकडची आई तो फोटो देवाजवळ ठेवायची. गिरणीतल्या काजळलेल्या चेहऱ्याचा फोटो तिने छातीशी धरून रडण्यापलीकडे काय केलं असतं?

या प्रश्नाची दुसरी बाजूही एका मोठ्या फोटोग्राफरच्या अनुभवात आहे. अमेरिकन छायाचित्रकार अर्व्हिंग पेन यांनी १९५० ते ५१ च्या सुमारास पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये लहानसहान व्यवसाय करणाऱ्यांची चित्रं काढली. खाटीक, मासळीवाले, धुराडी साफ करणारे, यांना त्यांनी कामाच्या कपड्यांत आणि हत्यारांसह स्टुडिओत बोलावलं. त्यांचा अनुभव असा की पॅरिसच्या लोकांना यात काहीतरी काळंबेरं आहे असा संशय आला, लंडनच्या लोकांना आपल्या कामाच्या पोशाखात फोटो निघणं अगदी रीतसर वाटलं, आणि अमेरिकेत काही जण सूचना बाजूला ठेवून दाढी करून, गडद सूट घालून हजर झाले. म्हणजे आपले पंजाबी गृहस्थ एकटे नव्हते. पेन यांना हवा होता धंदा, आणि समोरच्याला दाखवायचा होता माणूस. दोघांचंही म्हणणं रास्त आहे. पण कॅमेऱ्याचं बटण एकाच्याच हातात असतं.

मग कामाच्या जागेवरचा फोटो काढूच नये का? इथे मी इंग्लंडातल्याच एका माणसाची गोष्ट सांगतो. मॉरिस ब्रूमफील्ड यांचा जन्म १९१६ साली डर्बीजवळच्या ड्रेकॉट गावात झाला. पंधराव्या वर्षी शाळा सोडून ते रोल्स-रॉइसच्या कारखान्यात लेथवर उभे राहिले, आणि संध्याकाळी कलाशाळेत जाऊन शिकले. १९५० आणि ६० च्या दशकांत ब्रिटनमधल्या मोठमोठ्या कंपन्यांनी त्यांना फोटो काढायला बोलावलं. त्यांचे फोटो बघताना डोळे दिपतात. अंधाऱ्या शेडमध्ये एकच झोत, त्यात एखादी कामगार बाई नायलॉनच्या हजारो धाग्यांमागे उभी, जणू वीणा छेडते आहे. ते जागा झाडून घेत, नको ते झाकून टाकत, दिवे रचून नाटकाच्या रंगमंचासारखा देखावा उभा करत. २०२१ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांच्या फोटोंचं मोठं प्रदर्शन सुरू झालं. आपल्यापैकी काहींनी ते पाहिलंही असेल.

त्यांचा मुलगा निक ब्रूमफील्ड हा नावाजलेला माहितीपटकार. त्याने २०१९ साली वडिलांवर एक चित्रपट केला. त्यात बाप-लेकांमधला मतभेद मोकळेपणाने येतो. बाप कारखान्यात सौंदर्य शोधणारा, मुलगा त्यामागचं वास्तव उकरणारा. मला हा वाद महत्त्वाचा वाटतो, पण मी पूर्णपणे मुलाच्या बाजूचा नाही. जो माणूस स्वतः लेथवर उभा राहिला आहे, त्याला कामात दिसलेलं सौंदर्य ही थाप नसते. ज्यांनी कधी भट्टीतून धातू ओतताना पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की ते दृश्य खरोखर सुंदर असतं. अडचण सौंदर्याची नाही, अडचण त्या फोटोंच्या कामाची आहे. कंपनीने पैसे दिले, कंपनीने ते अहवालात छापले, आणि फोटोत चमकणाऱ्या माणसाचं नाव बहुधा कुठेच आलं नाही. खाली लिहिलेलं असे यंत्राचं नाव, मालाचं नाव, कारखान्याचं नाव.

इथे मला नावाचा मुद्दा सगळ्यात कळीचा वाटतो. एखाद्या कंपनीचं वार्षिक पुस्तक उघडा. संचालकाच्या फोटोखाली नाव, हुद्दा, पदव्या. पाच पानं उलटली की मशीनपाशी हसणारा एक माणूस, आणि खाली ओळ असते ‘आमचे कुशल कर्मचारी’. एकाचा फोटो म्हणजे व्यक्तिचित्र, दुसऱ्याचा म्हणजे नमुना. दोन्ही फोटो एकाच कॅमेऱ्याने, तितक्याच कौशल्याने काढलेले असतील, तरी त्या एका ओळीने दोघांची जागा ठरते. म्हणून मी त्या चव्वेचाळीस फोटोंबाबत एकच हट्ट धरला. प्रत्येकाखाली पूर्ण नाव हवं, आणि ते नाव त्या माणसाने स्वतः जसं लिहून दिलं तसंच हवं. वरून सुचवणी आली होती की खात्याचं नाव पुरे. मी म्हटलं, मग खात्याचाच फोटो काढतो, माणूस कशाला हवा?

ब्रायन ग्रिफिन यांनी याहून वेगळी वाट काढली. ते बर्मिंगहॅममध्ये जन्मलेले आणि ब्लॅक कंट्रीतल्या लाय या गावात वाढलेले. सोळाव्या वर्षी कारखान्यात लागलेले हे गृहस्थ पुढे नामवंत फोटोग्राफर झाले. २०२४ साली ते गेले. १९८० च्या दशकात लंडनमध्ये ब्रॉडगेटचा मोठा बांधकाम प्रकल्प चालू होता. तिथल्या कामगारांचे फोटो काढताना त्यांनी काही जणांना डोळे मिटून, हत्यार छातीशी धरून आडवं झोपवलं. इथल्या जुन्या चर्चमध्ये दगडी थडग्यांवर तलवार धरून झोपलेल्या सरदारांचे पुतळे असतात ना, अगदी तसं. ज्या समाजाने थडग्यावर फक्त सरदार कोरले, त्याला त्यांनी सांगितलं की हाही सरदारच आहे. ही कल्पना थोर आहे. तरी माझ्या मनात एक शंका उरते, की झोपणाऱ्याला तो सन्मान वाटला, की साहेबांची लहर?

तिसरं उदाहरण ख्रिस किलिप यांचं. बर्टन-ऑन-ट्रेंटच्या पिरेली टायर कारखान्यात १९८९ आणि ९० साली त्यांनी फोटो काढले. सुरुवातीला कारखान्याच्या उजेडात काढलेले फोटो त्यांना पटले नाहीत, मग त्यांनी फ्लॅशची वेगळी पद्धत बसवली आणि महिनोन्महिने तिथे जात राहिले. त्या फोटोंतली माणसं कॅमेऱ्याकडे बघत नाहीत. ती आपल्या कामात इतकी बुडालेली आहेत की फोटोग्राफर तिथे आहे की नाही याचं त्यांना सोयरसुतक नाही. किती वेळ दिला की माणूस कॅमेऱ्याला विसरतो, याचं ते फोटो म्हणजे एक मोजमाप आहे. मला वाटतं, फोटोतली निम्मी नीती वेळात असते. पाच मिनिटांत आपण चेहरा घेऊन जातो. पाच महिन्यांत तो माणूसच ठरवतो की आपल्याला किती दाखवायचं.

आता जरा घराकडे वळू. माझे मामा परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. त्यांचा कामाच्या जागेचा एकच फोटो अस्तित्वात आहे, आणि तो गिरणीच्या पासावरचा, बोटाच्या पेराएवढा. त्यात सन्मान नाही, सौंदर्य तर नाहीच. पहारेकऱ्याने माणूस ओळखावा एवढ्यासाठीच तो काढलेला. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले असंख्य पुन्हा कधी आत गेलेच नाहीत. मामा गावी परतले. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले, आणि कामगारांना घरं देण्याची योजना आली. म्हाडाच्या सोडतीसाठी अर्ज करायचा तर आपण गिरणीत होतो हे सिद्ध करावं लागे. कोणाकडे पगाराची पावती, कोणाकडे ई.एस.आय.चा क्रमांक, कोणाकडे ओळखपत्र. तीस-तीस वर्षं ज्यांनी कापड विणलं त्यांना पत्र्याच्या पेट्या उपसून स्वतःचा पुरावा शोधावा लागला.

मामांच्या त्या पासाकडे बघताना माझं मत पक्कं झालं की फोटो न काढणं ही काही तटस्थ गोष्ट नाही. माणसाच्या प्रतिष्ठेची काळजी म्हणून त्याचा कामावरचा फोटोच काढला नाही, तर उद्या इमारत पडल्यावर तो तिथे होता हे सांगणार कोण? गिरणीमालकांचे तैलरंगातले फोटो राहतात. चिमण्यांचे फोटो राहतात. साच्यावरचा माणूस राहत नाही.

आणि काही फोटो तर सन्मानासाठी नसतातच, ते साक्षीसाठी असतात. अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षं काढले. कचऱ्याच्या ढिगात, मॅनहोलमध्ये उतरलेली, घाणीने माखलेली ही माणसं. २०१६ साली ओलवे यांना पद्मश्री मिळाली. हे फोटो बघताना ‘काय सुंदर’ असं कोणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. जात ही केवळ कामाची विभागणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच विभागणी आहे, हा मुद्दा डॉ. आंबेडकरांनी १९३६ सालीच मांडला होता. हे फोटो त्याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा आहेत. तिथे त्या कामगाराला सूट घालून स्टुडिओत उभं केलं असतं तर त्याची प्रतिष्ठा राखली गेली असती, पण आपली झोप मोडली नसती.

म्हणजे माझ्या सुरुवातीच्या प्रश्नाला एकच उत्तर नाही. तरी एक खूणगाठ बांधता येते. कामगाराचा फोटो ज्याच्या हातात ताकद आहे त्याच्या भिंतीला शोभा म्हणून जातो आहे, की त्याच्याकडून जाब मागायला जातो आहे? शोभेसाठी असेल, तर त्या माणसाची इच्छा शेवटची मानली पाहिजे. जाब मागण्यासाठी असेल, तरीही त्याची संमती हवी, पण तिथे फोटोग्राफर निदान त्याच्या बाजूने उभा असतो. 

कायदा या बाबतीत काय म्हणतो, हेही सांगायला हवं. इथल्या १९८८ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा हक्क सर्वसाधारणपणे काढणाऱ्याचा, आणि तो नोकरीचा भाग म्हणून काढला असेल तर मालकाचा. घरगुती कारणासाठी आपण पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंना थोडं संरक्षण आहे, पण कारखान्यातल्या फोटोला ते लागू होत नाही. ज्याचा चेहरा आहे त्याचा कॉपीराइट शून्य. २०१८ पासून माहिती संरक्षणाचे नियम कडक झाले आणि ओळखू येणारा चेहरा हीसुद्धा त्या नियमांत व्यक्तिगत माहिती आहे. त्या नियमांमागचा एक विचार मला फार आवडतो. मालक आणि नोकर यांच्यात ताकदीचा समतोल नसतो, त्यामुळे नोकराने दिलेला होकार मोकळेपणाने दिला आहे असं सहज धरून चालू नये, असं इथलं माहिती आयुक्तांचं कार्यालय सांगतं. त्या इंग्रज फिटरने हेच दहा शब्दांच्या आत सांगितलं होतं. पगार देणारा जेव्हा ‘चालेल ना?’ विचारतो, तेव्हा ‘चालेल’ या शब्दाचं वजन कमी होतं.

मग होकार खरा कधी? जेव्हा नकाराने काही बिघडत नाही तेव्हा. फिटरचा नकार मी वर कळवला तो एवढाच, की चव्वेचाळीसऐवजी त्रेचाळीस फोटो होतील. नाव सांगितलं नाही. भिंतीवर एक जागा रिकामी ठेवली नाही, कारण रिकामी जागा बोट दाखवते. माझ्या मते त्या सगळ्या कामात मी काढलेल्या फोटोंइतकंच त्या न काढलेल्या फोटोला मोल आहे. त्याला नाही म्हणता आलं, म्हणूनच बाकीच्यांच्या हो ला अर्थ आला.

पंजाबी गृहस्थांचा फोटो मी त्यांना हवा तसाच काढला, कोट-टायमध्ये, पण त्यांच्याच मशीनपाशी. काहींना ते विनोदी वाटलं. मला मात्र आपली खंडेनवमी आठवली. त्या दिवशी आपल्याकडे कारखान्यात काय असतं? यंत्र धुऊनपुसून त्याला हळदीकुंकू, झेंडूची माळ. कामगार आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, कधी बायकामुलांना घेऊन येतो. फोटोही निघतात. त्या फोटोत कामाची जागा आहे आणि सणाचा पोशाखही आहे. त्यात माणूस यंत्राचा नोकर नसतो, पूजेचा यजमान असतो. सूट की ओव्हरऑल, स्टुडिओ की शेड, हा पाश्चात्त्य फोटोग्राफीचा जुना पेच आपल्या लोकांनी झेंडूच्या माळेने कधीच सोडवून टाकला आहे. अर्थात दुसऱ्या दिवशी माळ सुकते आणि पगारवाढीचा प्रश्न तसाच असतो, हेही खरं. पण वर्षातून एक दिवस का होईना, फोटोत कसं उभं राहायचं हे त्याने स्वतः ठरवलेलं असतं.

२००९ साली आमचा कारखाना बंद झाला. मंदी होती, कामं बाहेर गेली होती. बोळातले फोटो उतरवले गेले आणि ते पुढे कुठे गेले याचा पत्ता नाही. पण प्रत्येकाला मी सुरुवातीलाच एक मोठी प्रत छापून घरी दिली होती, हे आमच्यातलं पहिल्या दिवसाचं बोलणं होतं. ‘मला बघून त्यांना काय कळायला हवंय?’ असं विचारणारी ती बाई काही वर्षांनी वारली. तिच्या मुलीने मला निरोप पाठवला की अंत्यविधीच्या पत्रिकेवर तोच फोटो छापला आहे. हातात ग्राइंडर, कपाळावर वर सरकवलेला चष्मा, आणि नजर थेट समोर. मुलीने लिहिलं होतं की आई दिवसभर काय करायची हे आम्हाला त्या फोटोमुळेच कळलं. पाहुण्यांना त्या फोटोतून काय कळलं मला माहीत नाही. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर तिच्या घरी होतं.

त्यानंतर कोणाचाही कामाच्या जागी फोटो काढताना मी चार गोष्टी पाळतो. विचारायचं, आणि नकाराची वाट मोकळी ठेवून विचारायचं. कसं उभं राहायचं ते त्याला ठरवू द्यायचं. खाली नाव लिहायचं. आणि पहिली प्रत त्याच्या घरी द्यायची. या चार गोष्टींनी मालक-नोकर यांच्यातली दरी बुजत नाही, पण फोटो कोणाचा, हा प्रश्न विचारला तर निदान उत्तर देता येतं.

आता एक विनंती आपल्या मंडळातल्या तरुण पिढीला. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये हजारो फोटो आहेत, पण आईबाबा सकाळी सातला घराबाहेर पडून नेमके कुठे उभे राहतात, काय उचलतात, कोणती बटणं दाबतात, याचा त्यांत एकही नसेल. त्यांना विचारा. कोणी रुग्णालयाच्या लॅबमध्ये असेल, कोणी बसच्या डेपोत, कोणी गोदामात, कोणी विमानतळाच्या सफाई विभागात. परवानगी मिळत असेल तर एकदा त्यांच्या कामाच्या जागी जा. ‘कशाला उगाच, हे काय दाखवण्यासारखं आहे का?’ असं पहिलं उत्तर येईल. ते खरं मानू नका, पण ओढाताणही करू नका. कदाचित आई म्हणेल, थांब, केस नीट करते. तिला करू द्या. ते दोन मिनिटं थांबणं हाच त्या फोटोचा खरा भाग आहे.